राखेच्या पेटीतली छत्तीस रोपं

निष्कर्ष

पूजानं रोपं उपटली, हे सोमवारी सकाळी सव्वाआठला ठरून गेलं. किती उपटली, कुठली उपटली, कशी उपटली, हे कुणी नीट पाहायच्या आधीच ठरलं.

उज्वलाबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. एकतीस वर्षं त्या नववी-दहावीच्या प्रयोगवह्या तपासत आल्या होत्या. पोरं वही उघडतात, गाइडमधून आधी निष्कर्ष उतरवतात, मग निरीक्षणं त्याच्या मापाची बेततात. उद्देश राहतो तो सहीच्या रांगेत लिहायचा, पुढच्याच्या पाठीवर वही टेकवून. असल्या किती पानांवर आपण सही केली, ते बाईंना सांगता आलं नसतं. मुख्याध्यापक धात्रकसर एक्केचाळीस वर्षांचे होते. पण ही सवय काही वयानं सुटत नाही.

"बाई, सरळ आहे," सर म्हणाले. "दोन पेट्या. एकीत साधी माती, एकीत एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख मिसळलेली माती. दोन्हींत मेथी. राखेनं मेथी जास्त वाढते, हे पोरांना दाखवायचंय. बरोबर?"

"बरोबर." बाई बसल्या होत्या. गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी न विचारताच खुर्ची घेतली होती.

"शुक्रवारी राखेच्या पेटीत नव्वद रोपं, सरासरी उंची नऊ सेंटिमीटर. आज चौपन्न रोपं, सरासरी अकरा पूर्णांक दोन. छत्तीस रोपं गायब, आणि सगळी बुटकी. बुटकी काढली की सरासरी आपोआप चढते. फायदा कुणाचा?"

पूजा दाराशी उभी होती. नववीतली, वेणी अर्धी सुटलेली, बोटांना माती. राखेची कल्पना तिची. तालुक्यात प्रयोग पहिला आला तेव्हा जोडीदार हर्षलच्या आधी तिचंच नाव पुकारलं होतं.

"सर, मीच तर पहिली ओरडले ना. मीच मोजून लिहिलं चौपन्न म्हणून."

"चोराच्या उलट्या बोंबा. आणि हर्षल शेजारी उभा होता, तेव्हा लिहिणं भागच होतं." सरांनी मोबाइल पाहिला. "जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाची यादी दोनपर्यंत भरायचीय. हर्षल एकटा जाईल. हिच्या वडिलांना फोन केलाय. आणि हे शाळेच्या रेकॉर्डला येणार. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो, बाई. तिथे 'चांगली' लिहायला माझा हात धजणार नाही."

पूजा रडली नाही. तिनं फक्त बाईंकडे पाहिलं.

बाईंची निवृत्ती तीन महिन्यांवर होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. सकाळी निघताना थालीपिठाचा तुकडा तोंडात टाकला तर दाताखाली कचकच आली. भाजीसुद्धा आता नीट धुतलेली दिसत नाही, असं वाटून तो तुकडा गिळताना त्यांना उगीच वाईट वाटलं होतं. अशा बाईनं गप्प बसावं. पण तोंडातून निघून गेलं,

"दोनपर्यंत थांबा सर. मी बघते."

साहित्य

प्रयोगशाळेची चावी, एक. ती शिपाई फकिराच्या करगोट्याला. शुक्रवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत कुलूप एकदाच निघालं होतं: शनिवारी, पालकसभेला.

द्राक्षाच्या पेट्या, दोन. आतून प्लास्टिक लावलेल्या.

मेथीचे दाणे, प्रत्येकी शंभर.

पूजा, जिला फायदा होता. हर्षल, ज्याला तिचा तोटा झाला की फायदा होता. फकिरा, ज्याच्या घरी चार बकऱ्या होत्या. आणि शनिवारी येऊन गेलेले साठ-सत्तर पालक, ज्यांतल्या कुणाचाही या सगळ्याशी संबंध नव्हता.

असं बाईंनी एका कोऱ्या कागदावर लिहिलं. मग शेवटचं वाक्य खोडलं. संबंध नाही, हा निष्कर्ष झाला. तो इतक्यात कसा येईल?

निरीक्षण

राखेची पेटी खिडकीत होती, कोवळ्या उन्हात. साधी पेटी कपाटाशेजारी, सावलीत.

बाईंनी चष्मा पुसला आणि राखेच्या पेटीवर वाकल्या. आधी त्यांना काहीच दिसलं नाही, आणि तेच विचित्र होतं. छत्तीस रोपं उपटली तर छत्तीस भोकं हवीत. भोकं नव्हती. तुटलेलं देठ नव्हतं, राहिलेलं मूळ नव्हतं. जिथून रोप निघालं होतं तिथली माती कुणीतरी अंगठ्यानं हलकेच दाबून सारखी केली होती. उरलेल्या प्रत्येक दोन रोपांमध्ये जवळजवळ सारखं अंतर होतं. बाईंनी बोटं लावून पाहिली. दोन बोटं. पुढे पुन्हा दोन बोटं.

नासधूस अशी नसते.

"हर्षलला पाठव," त्या पूजाला म्हणाल्या. "आणि तू बाहेर थांब. काही खाल्लंस?"

"भूक नाय बाई."

हर्षल आला तो बचाव घेऊनच. सिन्नरहून बदली होऊन आलेल्या एसटी मेकॅनिकचा मुलगा, बोलायला तिखट.

"मी हातसुद्धा लावला नाही, बाई. आणि लावला असता तर उंच उपटली असती ना? बुटकी उपटून तिचाच फायदा करून देऊ?"

"तिच्यावर आळ यावा म्हणून."

"एवढं डोकं असतं तर गणितात पस्तीस पडले असते का?" तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा एकदम उतरला. "खरं सांगू? मला त्या पेट्यांचा कंटाळा आलाय. राखेची तिची, साधी माझी. पाहुणे आले की सगळे तिच्या पेटीचे फोटो काढतात. माझीला कोण विचारतं? पाणीसुद्धा तिचं घालून उरलेलं."

"उरलेलं? दोन्हींना एकेक मग घालायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं," हर्षल म्हणाला.

बाईंनी वही मागवली. पूजाचं अक्षर गोल, आकडे स्वच्छ. शुक्रवार: राख, नऊ सेंटिमीटर. साधी, आठ पूर्णांक आठ. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. ऊन एकीला, पाणी एकीला आधी, आणि इतकं करूनही फरक अवघा दोन मिलिमीटर. मग सोमवार: राख अकरा पूर्णांक दोन, साधी नऊ पूर्णांक तीन. जवळजवळ दोन सेंटिमीटरचा फरक एका शनिवारात पडला होता.

प्रयोगानं जे दाखवायचं, ते कुणाच्या तरी हातानं दाखवलं होतं. पण कुणाच्या?

कृती

फकिरा बाहेरच्या नळावर घागर भरत होता.

"मॅडम, बकऱ्यांचं नाव काढू नका," तो आधीच म्हणाला. "सगळी शाळा हसतीय मला. बकरी शेंडा खाती. मूळ उपटून, माती सारखी करून जाणारी बकरी असती तर मी तिला शिपाई केलं असतं अन् मी घरी बसलो असतो."

बाईंना हसू आलं, सकाळपासूनचं पहिलं.

"पेटी खिडकीत कुणी ठेवली?"

"मी. ती जिल्ह्याला जायाची ना? मंग चांगली दिसाया नको?"

"आणि दुसरी?"

"दुसरी कुठं जाणारे?"

बाईंना आठवलं. पहिल्या आठवड्यात मुलांना त्यांनीच बजावलं होतं, राखेची पेटी जपा रे. दुसरीचं नावही काढलं नव्हतं.

"शनिवारी प्रयोगशाळेत कोण कोण आलं?"

"कोण नाय आलं ते विचारा. सरांनीच सांगितलं, पालकांना प्रयोग दाखवा. लोक आले, पंख्याखाली बसले, गेले. पूजीची आजी तर पंचवटीच्या बाजारातून डोक्यावर पाटी घेऊनच आली. तिला मी पाणी दिलं. मंग तिकडं सभेत माइक बंद पडला म्हणून मला बोलावलं."

"किती वेळ नव्हतास?"

"माइक हो तो. अर्धा तास धरा."

छोट्या सुट्टीची घंटा झाली. बाई शिक्षकखोलीत आल्या, डबा उघडला. थालीपीठ गार झालं होतं. पहिल्याच घासाला पुन्हा तीच कचकच. त्यांनी तोंडातला कण रुमालावर काढला आणि खिडकीशी नेऊन उजव्या, चांगल्या डोळ्यानं पाहिला.

वाळू नव्हती. बोटावर चुरडला तर करडी, मऊ पूड झाली. असली पूड त्यांनी आज सकाळीच पाहिली होती.

बाई डब्याकडे परत आल्या. शनिवारी सभा संपल्यावर शिक्षकखोलीतल्या कपाटाशी पूजाची आजी त्यांना गाठायला आली होती. गावाकडचा रिवाज, शेतात जे निघेल त्यातला पहिला वाटा मास्तरणीला, वानोळा म्हणून. फडक्यात बांधलेली चार वांगी, कांद्याची पात, आणि सगळ्यांत वर मेथीची एवढीशी जुडी. मूठभरही नव्हती. इतकी बारीक, इतकी कोवळी मेथी कुणी बाजाराला काढत नाही. बाईंनी ती आज पहाटे पिठात चिरून टाकली होती.

गायब झालेला पुरावा डब्यात होता. अर्धा तर पोटातच गेला होता.

दक्षता

पूजाचे वडील विहिरीवरच्या मोटारीच्या दुरुस्तीत अडकले होते, म्हणून दीड वाजता आजीच आली. बायडाबाई. कासोटा घातलेलं नऊवारी, हाताला पातीचा वास. आल्या आल्या तिनं सरांच्या टेबलावरची मरगळलेली मनीप्लँट पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, बसा," सर म्हणाले. "तुमच्या नातीनं—"

"थांबा सर," उज्वलाबाई म्हणाल्या. "आधी मी सांगते. चुकलं तर आजी सांगतील."

हर्षल आणि पूजा भिंतीशी उभे होते. फकिरा दारात, जाऊ की थांबू असा.

"उपटणाऱ्याला राग नव्हता," बाई म्हणाल्या. आवाज थकलेला होता, वर्गात पाचव्या तासाला असतो तसा. "राग असता तर माती उकरलेली दिसली असती. चोरायचंही नव्हतं; चोर उंच नेतो. आता राहिली लबाडी. सरासरी वाढवायला पूजानं उपटली, असं तुम्ही म्हणता. पण लबाडी करणारा उपटलेलं लपवतो, गटारात टाकतो, खिशात घालतो. ती छत्तीस रोपं कुठे सापडली माहीत आहे? माझ्या वानोळ्यात. वरच. मी ती थालीपिठात घातली सर, आणि राख अजून माझ्या दातात आहे."

हर्षलनं हसू गिळलं.

"म्हणजे उपटणाऱ्याला आपण काही वाईट करतोय असं वाटलंच नाही. उलट त्याला ते चांगलं काम वाटलं. दोन बोटांचं अंतर न मोजता पडतं तो हात विद्यार्थ्याचा नाही. चाळीस वर्षं मेथी विरळ केलेला हात आहे." बाई वळल्या. "आजी, शनिवारी तुम्ही खिडकीतली पेटी विरळली का?"

"मंग?" बायडाबाई म्हणाली. तिला प्रश्नच समजला नव्हता. "एवढी दाट पेरत्यात व्हय? लय दाटी झाली का एकमेकीचा घास खात्यात. मरतुकडी काढली, नीट माती दाबली. फेकू कशी? लेकरांनी वाढवलेली. म्हणून बाईंना दिली."

"आजी!" पूजा ओरडली.

"काय गं? तुझीच तर होती. मी इचारलं, तुझी कंची? तू म्हणलीस, ही, अन् सभेकडं पळालीस."

"दुसऱ्या पेटीला का नाही हात लावला?" बाईंनी विचारलं.

"ती कुणाची, मला काय ठावं? दुसऱ्याच्या वाफ्यात हात घालायचा नसतो, बाई."

पंखा कटकट करत फिरत होता. मग सर खुर्चीत मागे रेलले आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. वाईट माणूस ते नव्हतेच. त्यांना फक्त दोन वाजायच्या आत काहीतरी ठरलेलं हवं होतं.

"म्हणजे गुन्हा नाहीच. छान झालं! पूजा, बाळ, माझं चुकलं. दोघंही जा जिल्ह्याला." त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. "आणि आकडा तर चांगलाच आलाय. अकरा पूर्णांक दोन विरुद्ध नऊ पूर्णांक तीन. कुणी खोटं लिहिलेलं नाही, मोजलेलंच आहे. बाई, तेवढी वहीवर सही द्या."

पेन बाईंच्या हातात आलं. पावणेदोन झाले होते. घरी जाऊन पाय वर करून पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि आकडे खरंच खरे होते. एकेक रोप पट्टी लावून मोजलेलं. अशा हजार सह्यांत आणखी एक.

"बाई," पूजा हळूच म्हणाली, "मग मेथी राखेनं वाढली का आजीनं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तेच आपल्याला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आकडे खरे आहेत, पण ते राखेबद्दल काही सांगत नाहीत. ते आजीच्या हाताबद्दल सांगतात. फकिराच्या खिडकीबद्दल. आधी घातलेल्या पाण्याबद्दल. आणि माझ्याबद्दल, कारण ती पेटी जपा, असं मीच म्हटलं होतं. आपली ती पेटी, दुसरी ती कुणाची तरी. मग प्रयोग कसला राहिला?"

"बाई, शाळेतला प्रयोग आहे हो," सर म्हणाले. रागावून नाही, विनवल्यासारखं. "एवढं कोण बघतं?"

"सकाळी तुम्ही बघितलंत की. हिच्या दाखल्यापर्यंत बघितलंत."



बाईंनी वही ओढली. सोमवारच्या ओळीखाली लिहायला लागल्या. डोळा पाणावत होता, अक्षर वाकडं येत होतं. शनिवारी पालकांकडून विरळणी झाली. राखेच्या पेटीला ऊन व पाणी जास्त. काढलेली छत्तीस रोपं वर्गशिक्षिकेनं खाल्ली. या आकड्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. मग सही, आणि सहीखाली पूर्ण नाव: उज्वला कातकाडे. इतक्या वर्षांत त्यांनी पूर्ण नाव कधी लिहिलं नव्हतं.

"हे असं पाठवलं तर ते दारातूनच परत करतील," सर म्हणाले.

"करतील. म्हणून पाठवायचं की नाही ते यांनी ठरवायचं."

पूजानं हर्षलकडे पाहिलं. हर्षलनं खांदे उडवले. "मला तशीही ती राख नको होती," तो म्हणाला. मग थांबून, "पण पुन्हा लावली तर माझी पेटी पण खिडकीत पाहिजे."

दोन वाजता शाळेच्या नावासमोरचा रकाना कोरा गेला. दाखल्याची फाइल सरांनी स्वतः कपाटात ठेवली. वर्तणुकीच्या रकान्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. बायडाबाई जाताना मनीप्लँटची दोन पिवळी पानं खुडून गेली.

उद्देश

एकलहऱ्याची राख मेथीला मानवते की नाही, ते पाहणे.

पूजानं हे वहीच्या नव्या पानावर सगळ्यांत आधी लिहिलं. खाली निष्कर्षाची जागा मोकळी सोडली, आणि त्या मोकळ्या जागेकडे बघून तिला जरा भीती वाटली.

पेट्या दोन्ही खिडकीत. नावं नाहीत, खालच्या बाजूला खडूनं खूण, ती फक्त फकिराला ठाऊक. करडी माती दिसू नये म्हणून दोन्हींवर बोटभर साधी माती. पाणी एकेक मग, शिगोशीग. आणि फकिरा आता कुणी विचारलं की मिशीला पीळ देतो. कारण राखेची पेटी कुठली, हे मुख्याध्यापकांनाही तो सांगत नाही.

सतराव्या दिवशी बायडाबाई बाजारातून परतताना डोकावली. पाटी दाराशी उतरवली. खिडकीशी आली, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. तशी अट होती. उज्वलाबाई स्टुलावर बसून पट्टी धरत होत्या, पूजा आकडे लिहीत होती.

बायडाबाईची नजर एका कोपऱ्यावर अडकली. दोन जाड रोपांच्या मध्ये एक पिवळट, वाकलेलं रोप. तिची बोटं पाठीमागे चुळबुळली.

"ते बघ गं. ते काय जगत नाय. काढून टाक, बाकीच्यांना तरी मोकळं व्हईल."

पूजानं पट्टी त्याच रोपाच्या बुडाशी नेली, वाकली आणि वाचलं.

"राहू दे आजी," ती म्हणाली. "तेही मोजायचंय."